२०१५ चं बिटकॉइन वडिलांच्या पेटीत पडून आहे. आता सगळं मोठ्या लोकांच्या हातात गेलंय म्हणतात, ठेवू का काढू?

पेटीतला_माल:

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. लांबलंय, वैतागू नका.

मी सोलापूरचा, अशोक चौकाच्या पलीकडं राहतो. २०१५ ला मी चादर-टॉवेलवाल्यांचे कॅटलॉग, छोट्या वेबसाईट असली किरकोळ कामं करायचो, त्यात बाहेरच्या देशातलं एक गिऱ्हाईक मिळालं, गिटारच्या तारा विकायचा तो. काम झालं, पैशाची वेळ आली तर म्हणाला माझं पेपॅल अडकलंय, बिटकॉइन चालेल का. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पैसे बुडालेच असं धरून हो म्हणालो. ०.४ बिटकॉइन आले. तेव्हा एका कॉइनचा भाव अडीचशे डॉलरच्या आसपास होता, म्हणजे सगळे मिळून सहा हजार आणि वर थोडे.

मोबाईलमधल्या वॉलेटनं बारा इंग्रजी शब्द दिले, हीच कॉइनची चावी, लिहून ठेवा म्हणालं. समोर चादरीच्या दुकानाचं बिलबुक होतं, त्याच्या एका पानाच्या मागं लिहिले आणि वडिलांच्या लोखंडी पेटीत टाकले. वडील मिलमध्ये होते, मिल बंद पडली, त्या पेटीत त्यांची पीएफची कागदं, युनियनच्या पावत्या, हजेरीचं कार्ड असलं सगळं आहे, घरात कोणी त्याला हात लावत नाही. तो मोबाईल कधीच गेला. कॉइन ज्यावर आले तो बिटकॉइनचा पत्ता मात्र जुन्या ईमेलमध्ये आहे, तो नेटवर टाकला की ०.४ अजून तिथंच दिसतात.

मी काय दूरदृष्टीचा माणूस वगैरे नाही बरं का. विकायचं सुचलं तेव्हा २०१८ उजाडलं होतं, एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका, मी घाबरून गप्प बसलो. मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक उडवलं तर लगेच लॉकडाऊन. मग २०२२ चा ३० टक्के टॅक्स. दर वेळी काहीतरी निघालं आणि माझा आळस कामाला आला.

आता खरा प्रश्न. तेव्हा जे काय थोडंफार वाचलं होतं त्यात एकच गोष्ट डोक्यात राहिली, की ह्याला बँक नको, दलाल नको, कोणाची परवानगी नको. आणि आता बघतोय तर ब्लॅकरॉक ही अमेरिकेची बडी गुंतवणूक कंपनी बिटकॉइनचा ईटीएफ (कॉइन न घेता शेअरसारखे युनिट घ्यायचे तो फंड) विकतेय, जिचा प्रमुख लॅरी फिंक २०१७ ला ह्यालाच मनी लाँडरिंगचा निर्देशांक म्हणाला होता. शेअर बाजारातल्या कंपन्या कर्ज काढून कॉइन घेतायत. पूर्वी भाव रविवारी रात्री तीन वाजता पण उड्या मारायचा, आता संध्याकाळी सात-आठला अमेरिकेचा बाजार उघडला की हलायला लागतो, शनिवार-रविवार आपला बऱ्यापैकी सुस्त. मग आपल्यासारख्या चिल्लर माणसाचं ह्यात काय राहिलं? भाव त्यांच्याच मुठीत असेल तर मी कशाला बसलोय? आणि अजून एक घोळ आहे, आईची खोबरेलाची बाटली पेटीत सांडली होती, सातवा शब्द पार पुसलाय, आठव्याची नुसती शेवटची अक्षरं दिसतात. (इथं आधी मी ती अक्षरं पण लिहिली होती, खाली एकानं झापल्यावर एडिट करून काढली.)

लूम_नं_९:

बिटकॉइनचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. आमच्याकडं २०१७ ला एका हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार झालं होतं, कोट घातलेला माणूस, स्क्रीनवर आलेख, महिन्याला दहा टक्के आणि खाली दोन माणसं जोडली की वेगळं. मी आणि माझा साडू दोघांनी मिळून दीड लाख घातले, लूमचे दोन महिन्यांचे मजुरीचे पैसे होते ते. चार महिने ॲपवर आकडा वाढताना दिसला, पाचव्या महिन्यात ॲपच उघडेना. साडू अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तुझं ते पेटीतलं खरं असेल तर आजच्या आज वीक आणि घरात दोन खोल्या वाढव.

नोडवाला:

काका, तुमचं ऐकून वाईट वाटलं, पण ते बिटकॉइन नव्हतंच हो, ती चेन सिस्टीम होती, नाव फक्त बिटकॉइनचं. आकडा त्यांच्या ॲपवर होता, तुमच्या हातात एक कॉइन पण आलं नव्हतं. ह्याच्याकडं उलट आहे, ॲप नाही, मोबाईल नाही, बिलबुकाचं पान आहे आणि माल तसाच आहे.

@पेटीतला_माल, सगळ्यात आधी, ती अक्षरं काढ बे पोस्टमधून! कुणी शहाणा बसला असेल तर उगाच त्याचं काम सोपं. आणि आता तुला मेसेज येतील, रिकव्हरी करून देतो म्हणून. एकालाही उत्तर देऊ नकोस.

शब्दाचं टेन्शन घेऊ नको. ते बारा शब्द कुठलेही नसतात, २०४८ शब्दांची ठरलेली यादी आहे, त्यातूनच येतात, आणि यादी अशी केलीय की पहिली चार अक्षरं कळली की शब्द कळला. बाराव्या शब्दात मागच्या सगळ्यांची पडताळणी दडलेली असते, त्यामुळं एकच शब्द गायब असेल तर २०४८ पैकी साधारण १२८ च जुळतात, बाकीचे आपोआप बाद. प्रत्येकातून पत्ता काढायचा आणि ईमेलमधल्या पत्त्याशी ताडून बघायचा, कॉम्प्युटरला काही मिनिटांचं काम. दोन शब्द अर्धवट असले तरी आठव्याची शेवटची अक्षरं आहेत म्हटल्यावर होईल. फक्त एक, हे सगळं इंटरनेट नसलेल्या मशीनवर. जुना लॅपटॉप घे, प्रोग्राम पेनड्राइव्हनं टाक, वायफाय बंद, आणि शब्द कुठल्याही वेबसाईटवर टाईप करायचे नाहीत, फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवायचे तर अजिबात नाहीत.

आता तुझा मोठा प्रश्न. मी मूळचा विजापूर रोडचा, पुण्यात नोकरीला आहे, घरी कपाटावर एक जुना डबा (कॉम्प्युटर) आहे त्यावर बिटकॉइनचा नोड चालतो, म्हणजे सगळ्या व्यवहारांची वही ठेवायची आणि नियमानं तपासायची, एक टीबीची डिस्क, सहाशे जीबीच्या वर वही झालीय आता. बायको त्याला देवघर म्हणते. हे सांगायचं कारण, लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. माल कुणाकडं आहे ही एक गोष्ट आणि नियम कोण ठरवतं ही दुसरी. २०१७ ला मोठ्या लोकांनी नियम बदलून बघितला होता. व्यवहार लई महाग आणि हळू झाले होते म्हणून मे महिन्यात न्यूयॉर्कला ५८ कंपन्या एकत्र आल्या, एक्सचेंज, वॉलेटवाले, मायनर (मशीन लावून वहीत व्यवहार चढवणारे, त्याबद्दल नवे कॉइन मिळवणारे), जगातली ८० टक्क्यांहून जास्त मायनिंगची ताकद त्यांच्या बाजूला, आणि ठरवलं की ब्लॉक, म्हणजे वहीचं एकेक पान, मोठा करायचा. गावातले सगळे सावकार एका बाजूला असं समज. समोर कोण, तर असले डबेवाले, जे म्हणाले तुम्ही करा काय करायचं ते, आमची वही तुमचा ब्लॉक मान्य करणार नाही. नोव्हेंबरमध्ये, वेळ यायच्या आधी आठवडाभर, कंपन्यांनी स्वतःच माघार घेतली. ज्यांना मोठाच ब्लॉक पाहिजे होता ते ऑगस्टमध्येच वेगळे होऊन बिटकॉइन कॅश घेऊन गेले, त्याचा भाव आज काय आणि ह्याचा काय ते बघ.

त्यामुळं ब्लॅकरॉककडं कितीही कॉइन असू देत, २ कोटी १० लाखाची मर्यादा ती वाढवू शकत नाही. भाव हलवू शकते, तो भाग वेगळा.

[रिकव्हरी_गुरू यांचा प्रतिसाद काढून टाकला आहे]

नोडवाला:

बघ, आला. तासाभराच्या आत.

कांदापट्टी:

मी मार्केट यार्डात अडत्याकडं काम करतो, कांदा. नोडवाल्या भाऊनं नियमाचं सांगितलं ते मला पटलं पण पूर्ण नाही. आमच्या यार्डात पण नियम कोणी बदलत नाही, उघड लिलाव, तोलाई, हमाली सगळं ठरलेलं. तरी डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची रांग लागलेली असते आणि त्या दिवशी दोन मोठे खरेदीदार आले नाहीत की भाव दुपारपर्यंत पार आपटतो. नियम तोच, वजनकाटा तोच, आणि शेतकऱ्याच्या पट्टीत मात्र गाडीभाडं पण निघत नाही. म्हणजे भाव मोठ्यांच्या हातात नाही हे कुणी मला सांगू नका.

पण एक फरक आहे आणि तो मला ह्या धाग्यावरच सुचला. शेतकरी मार का खातो? कारण कांदा सडतो. गाडी परत न्यायला भाडं नाही, चाळ भरलेली आहे, पोराची फी भरायचीय, म्हणून मिळेल त्या भावाला ‘दे’ म्हणतो. मोठा खरेदीदार उद्या येऊ शकतो, हा थांबू शकत नाही. तुझा माल सडत नाही. दहा वर्षं खोबरेलात पडला तरी काय झालं नाही (सातवा शब्द सोडून). तुला फी भरायची नाही, कर्ज नाही, तर यार्डात सगळ्यात निवांत माणूस तू आहेस. आणि उलट ज्या कंपन्यांनी कर्ज काढून माल भरलाय त्यांना तारीख आहे. मला त्यांचं टेन्शन येईल, तुझं नाही.

जुळे_सोलापूरकर:

कांदापट्टी भाऊ एक नंबर बोललात. ह्याला पुरावा पण आहे. टेस्लानं फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं दीड अब्ज डॉलरचं घेतलं, सगळे नाचले. २०२२ मध्ये भाव पडल्यावर त्यांनीच पाऊण माल विकून टाकला. संस्था आल्या म्हणजे आता कायम धरून बसणार असं जे लोक सांगतात ते कुणाच्या भरवशावर सांगतात देव जाणे. ईटीएफचं तर असं आहे की तिथं ब्लॅकरॉक स्वतः काही ठरवत नाही, ज्यांनी युनिट घेतलेत ते मोठ्या प्रमाणात बाहेर पडायला लागले की फंडातून कॉइन पण बाहेर पडतात, साधारण म्युच्युअल फंडासारखंच. १० जानेवारी २०२४ ला अमेरिकेच्या सेबीनं म्हणजे एसईसीनं मंजुरी दिली, दुसऱ्या दिवशी भाव ४९ हजार डॉलरला शिवला आणि दोन आठवड्यांत ३९ हजारांच्या खाली. का, तर ग्रेस्केल कंपनीच्या जुन्या बिटकॉइन ट्रस्टमध्ये वर्षानुवर्षं अडकलेले लोक दार उघडल्या उघडल्या बाहेर पळाले. एसटीचं दार उघडल्यावर होतं तसं, चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी.

मग मार्चमध्ये ७३ हजार, डिसेंबरमध्ये लाखाच्या वर. हे पण त्याच पैशानं झालं, हे पण मान्य करायला पाहिजे. पेटीवाल्याचे ०.४ आज जे काय लाखांत दिसतायत त्यातला मोठा वाटा ज्यांच्यावर तो चिडलाय त्यांनीच चढवलाय.

पेटीतला_माल:

हे बरोबर आहे राव आणि तेच मला टोचतंय. म्हणजे बघा, वडील सांगायचे मिलमध्ये मालक बदलला की पहिल्या महिन्यात बोनस यायचा, सगळे खूष, मग हळूहळू लक्षात यायचं की आता कापूस कुठून घ्यायचा, कुठलं खातं चालू ठेवायचं, कुठली पाळी बंद, हे मुंबईत ठरतंय. मला भाव वाढल्याचं वाईट वाटत नाही, कुणाला वाटेल. पण त्या गिटारवाल्यानं मला पैसे पाठवले तेव्हा मधे कोणीच नव्हतं. तो तिकडं, मी इथं अशोक चौकात, वीस मिनिटांत आले. आज कोण कुणाला असे पैसे पाठवतंय? सगळे युनिट घेतायत आणि आलेख बघतायत.

चौकातला_विरोधक:

एक विनंती, ते पहिले लोक म्हणजे कोणी वारकरी होते असं रंगवणं बंद करा. आकडे बघा. जानेवारी २००९ ला सुरू झालं, दर दहा मिनिटाला ५० कॉइन, दिवसाला ७२००. नोव्हेंबर २०१२ ला पहिल्यांदा मायनरचं हे बक्षीस अर्धं झालं तोपर्यंत १ कोटी ५ लाख कॉइन निघून झाले होते, म्हणजे जेवढे कधीकाळी होणार त्याच्या अर्धे, पहिल्या चार वर्षांत, मूठभर लोकांच्या कॉम्प्युटरवर. बिटकॉइन काढणाऱ्या सातोशीकडंच दहा लाखाच्या आसपास असतील असा अंदाज आहे, त्यातलं जवळपास काही हललेलं नाही. म्हणजे ज्या दिवशी आपल्याला बिटकॉइन हा शब्द कळला त्या दिवशीच जमीन वाटून झाली होती.

२०१३ मध्ये विंकलवॉस बंधू, अमेरिकेतले दोघे गुंतवणूकदार, सांगतच होते की तेव्हाच्या एकूण कॉइनच्या एक टक्का आमच्याकडं आहेत. जून २०१४ मध्ये अमेरिकन सरकारनं सिल्क रोड ह्या बेकायदा ऑनलाईन बाजारातून जप्त केलेले जवळपास ३० हजार कॉइन लिलावात काढले, सगळेच्या सगळे टिम ड्रेपर नावाच्या एका गुंतवणूकदारानं उचलले. हे सगळं ब्लॅकरॉकच्या दहा वर्षं आधी. आणि छोट्यांचा विश्वास कुणावर होता, तर माउंट गॉक्स नावाच्या एक्सचेंजवर, जे फेब्रुवारी २०१४ ला साडेआठ लाख कॉइन गायब म्हणून बसलं, नंतर त्यातले दोन लाख सापडले म्हणे. एक तरी मोठा लेखापाल, एक तरी तपासणी असती तर हे झालं असतं का? मला उलट वाटतं संस्था आल्या ते बरं झालं, निदान कोट घालून सेमिनार घेणाऱ्यांचं दुकान तरी थोडं कमी चालेल. लूमवाल्या काकांना विचारा मधे कोणी नसलं की काय होतं ते.

लूम_नं_९:

मला कशाला मधे ओढता. मधे माणूस होताच की, माझा साडूच होता.

नोडवाला:

😂😂 काका जिंकले.

विरोधक भाऊंचे आकडे बरोबर आहेत, वाटणी सुरुवातीपासूनच वाकडी होती. फक्त एक जोडतो, त्यातले बरेच कॉइन नंतर बाजारात आले. कारण फुकटात मिळालेली गोष्ट माणूस फुकटात घालवतो. मे २०१० ला फ्लोरिडात एकानं दोन पिझ्झ्यांना १० हजार कॉइन दिले, लोक त्याला हसतात, मला वाटतं असल्या लोकांनी वाटले म्हणून तर ते पेटीवाल्यापर्यंत पोचले. सावकार तसं वाटत नाही. २०२५ च्या जुलैचा हिशोब घेतला तर ब्लॅकरॉकचा एक फंड आणि मायकेल सेलरची स्ट्रॅटेजी ही कर्ज काढून कॉइन घेणारी कंपनी ह्या दोघांकडंच मिळून तेरा लाखाच्या आसपास, एकूणच्या सहा टक्क्यांहून जास्त. सेलरनं ऑगस्ट २०२० ला पहिल्यांदा घेतले तेव्हा २१ हजार ४५४ होते.

माझी खरी भीती भावाची नाही, तिजोरीची आहे. अमेरिकेतल्या बहुतेक ईटीएफचे कॉइन कुठं आहेत, तर मुख्यतः कॉइनबेस ह्या एकाच एक्सचेंजच्या तिजोरीत. फिडेलिटीसारखे काही सोडले तर बऱ्याच जणांच्या चाव्या एकाच जुडग्यात. २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या एका मायनिंग पूलकडं (मायनरांची भागीदारी) निम्म्याहून जास्त ताकद गेली होती तेव्हा छोटे मायनर स्वतःहून तिथून उठून दुसरीकडं गेले, कारण मशीन त्यांची स्वतःची होती, उठता आलं. ईटीएफच्या युनिटवाल्याला असं उठता येत नाही, त्याच्याकडं कॉइन नाहीच, कागद आहे. उद्या नियमावरून परत २०१७ सारखी भांडणं झाली तर एवढ्या सगळ्या कॉइनच्या वतीनं ‘आम्ही ह्याच साखळीला बिटकॉइन म्हणणार’ हे चार ऑफिसांत ठरेल. तेव्हा माझा डबा पुरेल का, मी छातीठोक सांगणार नाही.

कांदापट्टी:

म्हणजे थोडक्यात गोदामाच्या पावत्यांवर सौदा चाललाय आणि गोदाम एकाचंच. हां, हे मात्र वाईट. आमच्याकडं पण पावती असणारा आणि माल असणारा ह्यात फरक कळतो तो फक्त गोदामाला आग लागली की.

होटगी_रोड_सीए:

उशिरा आलो, ऑडिटचं काम चालू आहे. तुमचा तात्त्विक वाद चालू द्या, मी कोरडं सांगतो.

पेटीवाले, विकलं की ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२. दहा वर्षं धरलं म्हणून सवलत नाही, इंडेक्सेशन नाही, स्लॅब नाही, मार्चमध्ये अर्धं आणि एप्रिलमध्ये अर्धं विकून दर कमी होत नाही. खर्च म्हणून फक्त घेतलेली किंमत वजा होते. समजा ३० लाख आले आणि तुमची किंमत ६ हजार धरली तर टॅक्स ९ लाख ३४ हजारांच्या आसपास. एक टक्का टीडीएस एक्सचेंज कापेल, तो ह्यातून वळता होईल. दुसऱ्या कुठल्या कॉइनमध्ये तोटा झाला तर तो ह्यात घालता येत नाही, तेव्हा ‘टॅक्स वाचवायला दुसरं काही घेऊ’ असं कोणी सुचवलं तर नमस्कार करा.

ते ६ हजार धरायचे कुठून, हा तुमचा खरा घोळ. ते विकत घेतलेले नाहीत, कामाचा मोबदला आहे. त्या वर्षी रिटर्न भरलं होतं का? तेव्हा अडीच लाखापर्यंत टॅक्स नव्हता, तुमचं एकूण उत्पन्न त्याच्या आत असेल तर फार घाबरायचं कारण नाही, पण गिऱ्हाईकाशी झालेले ईमेल, कामाचं बिल, कॉइन आल्याची तारीख हे सगळं छापून फायलीत लावा. ते दुकानाच्या बिलबुकाचं पान सोडून, ते कुणालाही दाखवू नका, मला पण नाही.

आणि ओळखीतल्या कुणाला थेट विकून खात्यात पैसे घेऊ नका. समोरच्याचा पैसा कुठल्या तरी सायबर फसवणुकीतला निघाला तर तुमचं खातं गोठतं आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. माझ्याकडं असे दोघं आलेत, एकाचं दुकानाचं करंट खातं सात महिने बंद होतं. मार्च २०२३ पासून एक्सचेंजना एफआययूकडं (संशयास्पद पैशावर नजर ठेवणारं सरकारी खातं) नोंदणी लागते, तशी असलेल्याच ठिकाणी विका आणि आयटीआरमध्ये शेड्यूल व्हीडीए, म्हणजे क्रिप्टोचा तक्ता, न विसरता भरा.

ठेवू का काढू ह्यावर मी बोलणार नाही, ते माझं काम नाही.

चौकातला_विरोधक:

बघा, शेवटी सगळ्यात मोठी संस्था कोण आली? सरकार. ३१ टक्के, एक रुपया न लावता. ब्लॅकरॉक उगाच बदनाम.

जुळे_सोलापूरकर:

हे लई भारी 😂

तरी माझं मत सांगतो पेटीवाल्या, तू विचारलंस म्हणून. ‘मोठ्यांच्या हातात गेलं म्हणून विकतो’ हे कारण चुकीचं आणि ‘मोठे आलेत म्हणून ठेवतो’ हे पण चुकीचंच. नोव्हेंबर २०२१ ला ६९ हजार होतं, वर्षभरात एफटीएक्स हे मोठं एक्सचेंज बुडालं तेव्हा १६ हजार. तेव्हा पण संस्था होत्याच की. पाऊण भाग गेला तर तुला झोप लागेल का, एवढं बघ. तुझ्या बाबतीत मला वाटतं लागेल, कारण आत्तापर्यंत ते तुझ्या हिशोबात नव्हतंच. पण शब्द सापडल्यावर, चावी हातात आल्यावर, तुझीच झोप उडणार बघ. विसरलेला पैसा आणि हातातला पैसा सारखा नसतो.

पेटीतला_माल:

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो, बारा दिवस झाले मधे.

जुना लॅपटॉप भावाकडून आणला, बॅटरी गेलेली, चार्जर लावूनच चालतो. नोडवाला भाऊंनी सांगितलं तसं वायफाय बंद केलं, नुसतं बंद नाही तर राऊटरची पिनच काढली, घरातले ओरडले. बिलबुकाचं पान उन्हाकडं धरलं तर आठव्याचं पहिलं अक्षर पण दिसलं, पेन दाबून लिहायची सवय, मागून उठलं होतं. मग यादीतले त्यात बसणारे चारच निघाले. सातवा मशीननं काढला. पहिल्यांदा चालवलं तर काहीच जुळेना, माझ्या पोटात गोळा. मग कळलं की मी अकरावा शब्दच चुकीचा वाचत होतो, माझंच अक्षर. दुरुस्त केलं आणि पत्ता आला, ईमेलमधला तोच, अक्षरनअक्षर. मी दोनदा तपासलं, मग बायकोला बोलावून तिच्याकडून वाचून घेतलं.

जुळे_सोलापूरकर, तुमचं खरं ठरलं. त्या रात्री मी तीनदा उठून पेटीचं कुलूप बघितलं. आई म्हणाली काय करलालास बे रात्रीचं, तिला सांगितलं पप्पांची पीएफची कागदं हुडकतोय. ती म्हणाली त्यात काय राहिलंय आता.

विकायचं असं ठरवलंय की ०.१ काढायचं. सीए साहेबांच्या हिशोबानं टॅक्स जाऊन जे उरेल त्यात घराची गच्ची गळतेय ती करायची आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. बाकीचे ०.३ राहू देतो, ब्लॅकरॉकला घाबरून नाही आणि त्यांच्या भरवशावर पण नाही, मला नीट सांगता येत नाहीये. बारा शब्द नवीन पितळी पत्र्यावर ठोकून घेणार आहे, भवानी पेठेत घंगाळ्यांवर नावं घालणारे आहेत, पण त्यांना शब्द कसे द्यायचे हा प्रश्नच आहे, म्हणून पंच विकत आणून मीच ठोकीन.

आणि त्या गिटारवाल्याला जुन्या ईमेलवर लिहिलं होतं, तुझे कॉइन अजून आहेत म्हणून. परवा उत्तर आलं. त्याच्याकडं तेव्हा तीस-चाळीस होते म्हणे, सगळे २०१६ ला विकून दुकानाचं भाडं भरलं.

कांदापट्टी:

भाडं भरायचं होतं, माल सडत नव्हता तरी विकावा लागला. माझं म्हणणं अर्धं चुकलं मग.

नोडवाला:

पत्र्यावर ठोकताना चार-चार अक्षरंच ठोक, पुरतात. आणि पंचाचा आवाज लई होतो, दुपारी लूम चालू असताना बस.

लूम_नं_९:

माझ्याकडं ये. बारा लूम आहेत, बॉम्ब फुटला तरी ऐकू येत नाही.